वाचकांची पत्रे : हर्बल मेथिओनिनने भागते का?

ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवायच्या कोंबडीच्या) दाण्यातील अमिनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनांच्या घटकांवर, या सदरात लिहिल्यापासून एकच शंका पत्रांमधून पुन्हा पुन्हा येते आहे : सिंथेटिक पूरके बंद करून हर्बल सुरू करावीत का? मी पशुवैद्यक आहे, खाद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत बराच काळ काम केले आहे आणि वनस्पतिजन्य औषधांविषयी मला मनापासून आस्था आहे. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, स. न. मी दाणा स्वतःच बनवतो. स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या पहिल्या आठवड्यांच्या दाण्यात) टनाला ५८० किलो मका, ३४० किलो सोयाबीन पेंड आणि दोन किलो डीएल-मेथिओनिन (कारखान्यात बनलेले मेथिओनिन) असते. विक्रेत्याच्या सांगण्यावरून मागच्या लॉटला एक किलो डीएल-मेथिओनिन काढून तेवढीच हर्बल मेथिओनिनची पावडर टाकली. पक्ष्यांची वजने नेहमीइतकीच आली. मग उरलेले एक किलोही काढून पूर्ण हर्बलवर जावे का?
– एक ब्रॉयलर उत्पादक

उत्तर : वजने नेहमीइतकी आली, हे मला पटते. त्यावरून तुम्ही जे ठरवायला निघाला आहात, ते मात्र थांबवा. आधी हिशेब मांडू. मेथिओनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे पोषकद्रव्य आहे आणि पोषकद्रव्य किती पडले हे ग्रॅममध्येच मोजावे लागते.

मक्यात मेथिओनिन साधारण ०.१८ टक्के असते, चांगल्या सोयाबीन पेंडीत ०.६५ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या टनभर दाण्यात मक्यातून एक किलोहून किंचित जास्त आणि पेंडीतून सुमारे सव्वादोन किलो, असे मिळून सव्वातीन किलो मेथिओनिन आपसूक येते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली ब्रॉयलरच्या पहिल्या तीन आठवड्यांसाठी ०.५० टक्क्याची गरज दिली आहे. म्हणजे टनाला पाच किलो. आजच्या जाती त्याहून वेगाने वाढतात आणि त्यांची गरज अधिकच धरली जाते, पण आपण पाचच धरू. तूट पावणेदोन किलोची झाली. तुमच्या दोन किलो डीएल-मेथिओनिनने ती भरून वर थोडे शिल्लक राहत होते.

आता हर्बल पावडर बघा. ती म्हणजे वाळवून दळलेला पाला, मुळ्या, बिया. तिच्यात दहा टक्के प्रथिने आहेत असे धरले, तर एक किलोत १०० ग्रॅम प्रथिने. वनस्पतींच्या प्रथिनांत मेथिओनिन एक-दोन टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे किलोभर पावडरीतून हाती आले दोन ग्रॅम. जे काढले त्याची शुद्धता ९९ टक्के, म्हणजे ९९० ग्रॅम. ९९० ग्रॅमच्या जागी दोन ग्रॅम. पोते कोणत्याही कंपनीचे असो, या आकड्यांत फारसा फरक पडायचा नाही.

तरी वजने का आली? तुमच्या दाण्यात अजूनही एक किलो डीएल-मेथिओनिन होते. एकूण सव्वापाच किलोवरून तुम्ही सव्वाचारवर आलात. एवढी तूट कोंबडी अंगावर लगेच दाखवत नाही. मेथिओनिन थोडे कमी पडले की पक्षी ते भरून काढण्यासाठी दाणा थोडा जास्त खातो. वजन गाठले जाते, पण जास्त दाण्यावर. म्हणून माझा पहिला प्रश्न : लॉट उचलल्यावर दाण्याच्या गोण्या मोजल्या होत्या का? तुमच्या पत्रात वजने आहेत, एफसीआर (किलोभर वजनामागे किती किलो दाणा लागला तो आकडा) नाही. दुसरा प्रश्न छातीच्या मांसाचा. मेथिओनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची टंचाई सगळ्यात आधी तिथे जाणवते. जिवंत वजन तेवढेच राहून छाती हलकी भरते आणि पोटात चरबी वाढते. चार-सहा पक्षी सोलून छाती आणि पोटातली चरबी वेगवेगळी तोलली असती तर ते दिसले असते. पिसेही बघायची. पाठीवर, पंखांच्या मुळाशी पिसे उशिरा भरत असतील, पक्षी एकमेकांची पिसे टोचून खात असतील, तर तिथे आधी गंधकयुक्त अमिनो आम्लांचा संशय घ्यावा, कारण पिसातल्या केराटिनमध्ये सिस्टीन भरपूर असते आणि सिस्टीन शरीरात मेथिओनिनपासूनच तयार होते.

हर्बल उत्पादनांच्या बाजूने जो मुद्दा मांडला जातो तो न्यायाने सांगायला हवा. ‘आमच्यात मेथिओनिन आहे’ असे जाणकार विक्रेता म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आमच्यामुळे मेथिओनिनची बचत होते.’ याला थोडा आधार आहे. मेथिओनिनची कामे अनेक आहेत. एक मांस आणि पिसे घडवण्याचे. दुसरे शरीरातल्या इतर रासायनिक क्रियांना लागणारे मिथाइल गट पुरवण्याचे. तिसरे सिस्टीनमार्गे ग्लुटाथायोन तयार करण्याचे, जे पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवते. उष्मा, बुरशीचे विष, दाटी यांनी पक्षी बेजार असतो तेव्हा या तिसऱ्या कामाचा ताण वाढतो, आणि वनस्पतींतली पॉलिफेनॉल्स तो काही प्रमाणात हलका करू शकतात. पण पहिले काम उरतेच. मांसाच्या प्रथिनांच्या साखळीत जिथे मेथिओनिन बसायचे तिथे दुसरे काही बसत नाही. बचत करायलाही आधी पुरेसे हवे. मी खाद्य-सूत्र करते तेव्हा हर्बल घटक आहे म्हणून मेथिओनिनचा आकडा खाली आणत नाही.

तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर पूर्ण शेड पणाला लावू नका. मागच्या लॉटशी तुलनाही करू नका. त्याची पिल्ले वेगळी, हवामान वेगळे, मका वेगळा. एकाच हॅचची पिल्ले घ्या, शेडमध्ये जाळी लावून लहान कप्पे करा आणि तीन प्रकारचा दाणा द्या : एकात डीएल-मेथिओनिन, दुसऱ्यात हर्बल, तिसऱ्यात दोन्ही नाहीत. हा तिसरा कप्पा सगळे जण गाळतात, आणि त्याच्याशिवाय चाचणीला काही अर्थच उरत नाही. तिसऱ्या कप्प्यातले पक्षीही बाकीच्यांइतकेच वाढले, तर तुमच्या मूळ दाण्यातच पुरेसे होते आणि हर्बल पावडरीने काही केले, असे म्हणता येणार नाही. प्रत्येक प्रकाराचे तीन-चार कप्पे शेडभर विखरून ठेवा. पंख्याजवळची बाजू गार असते आणि सगळे हर्बल कप्पे तिथेच आले तर श्रेय पंख्याचे असेल. वजन दर आठवड्याला सकाळी, दाणा घालण्याआधी करा. मेलेल्या पक्ष्याचे वजनही वहीत लिहा, कारण मरेपर्यंत त्याने खाल्लेला दाणा एफसीआरमध्ये येतोच.

तोपर्यंत उरलेले एक किलो काढू नका आणि काढलेले एक किलो परत टाका.

प्रश्न : माझ्याकडून कोंबडी नेणारे म्हणतात, सिंथेटिक म्हणजे केमिकल, ते मांसात उतरते. त्यांना काय सांगू?
– एक चिकन विक्रेत्या

उत्तर : ताई, त्यांची काळजी समजू शकते, कारण ‘सिंथेटिक’ या एका शब्दाखाली अँटिबायोटिक, संप्रेरक आणि अमिनो आम्ल अशा तीन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. मेथिओनिन हे औषध नव्हे. ते दाण्यातल्या मक्यात आहे, सोयाबीनमध्ये आहे, आपल्या स्वतःच्या स्नायूंतही आहे. कारखान्यात बनलेल्या डीएल-मेथिओनिनमध्ये त्याची डी आणि एल अशी दोन रूपे निम्मी-निम्मी असतात. एल रूप पक्षी थेट वापरतो. डी रूपाचे यकृतात आणि मूत्रपिंडात एल रूपात परिवर्तन करतो. एकदा ते झाले की स्नायूतले कोणते मेथिओनिन सोयाबीनमधून आले आणि कोणते गोणीतून, हे वेगळे काढता येत नाही, कारण रेणू एकच आहे.

लायसिनची गोष्ट तर आणखी वेगळी. दाण्यात घातले जाणारे लायसिन कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूकडून साखरेच्या द्रावणात आंबवून तयार करतात. ही पद्धत जपानमध्ये १९५०च्या दशकात उभी राहिली. म्हणजे ज्याला लोक सिंथेटिक म्हणून नाक मुरडतात ते किण्वनाने तयार झालेले असते.

एक गोष्ट ग्राहकांना आवर्जून सांगा. शुद्ध अमिनो आम्ले वापरली की दाण्यातली एकूण प्रथिने कमी ठेवता येतात. नाहीतर मेथिओनिनची गरज भागवण्यासाठी पेंड वाढवावी लागते, नको असलेली बाकीची अमिनो आम्ले पक्ष्याच्या शरीरात मोडतात, त्यांचा नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेत जातो, शेडमध्ये अंथरलेले तूस ओले होते आणि शेडमध्ये अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबतो. तळपायाला जखमा झालेला, डोळे चोळणारा पक्षी मी खूप पाहिला आहे. त्या पक्ष्याचे हाल कमी करण्यात या पांढऱ्या भुकटीचा वाटा मोठा आहे. अर्थात प्रमाणात. सगळ्या अमिनो आम्लांत अतिरेकाने सगळ्यात जास्त अपाय करणाऱ्यांपैकी मेथिओनिन एक आहे. भरमसाट पडले तर पक्षी दाणा सोडतो आणि वाढ खुंटते.

प्रश्न : आमच्या छोट्या खाद्य कारखान्यात कोलीन (जीवनसत्त्वासारखे पोषकद्रव्य) देण्यासाठी घातलेल्या कोलीन क्लोराइडमुळे प्रीमिक्स, म्हणजे जीवनसत्त्वांचे तयार मिश्रण, ओलसर होऊन गोळे होतात. हर्बल कोलीनने हा त्रास जातो. पण मग पिल्लांचे पाय वाकडे होतील, अशी भीती वाटते. काय करावे?
– एक खाद्य उत्पादक

उत्तर : इथे माझे उत्तर पहिल्या पत्राइतके ठाम नकाराचे नाही, आणि कारण पुन्हा हिशेबातच आहे. नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या त्याच तक्त्यात पहिल्या तीन आठवड्यांसाठी किलोला १३०० मिलिग्रॅम कोलीन सांगितले आहे, पुढच्या तीन आठवड्यांसाठी १०००. मक्यात किलोला सुमारे ६०० आणि सोयाबीन पेंडीत २७०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. पहिल्या पत्रातलेच ५८० आणि ३४० किलोचे सूत्र घ्या : टनाला मक्यातून साधारण ३५० ग्रॅम, पेंडीतून ९२० ग्रॅम. बेरीज १२७० ग्रॅम, म्हणजे किलोला १२७० मिलिग्रॅम. गरजेच्या अगदी जवळ. कच्च्या मालातले सगळे कोलीन पक्ष्याला मिळत नाही, म्हणून वरून घालतो. तरी मेथिओनिनच्या मानाने दरी अरुंद आहे. हर्बल कोलीनच्या चाचण्या चांगल्या का दिसतात, त्याचे मोठे कारण हे आहे. मका-सोयाबीनच्या भरपूर पेंडीच्या दाण्यात हर्बल कोलीनवर भागू शकते. मात्र सोयाबीनची पेंड कमी करून भाताचा कोंडा किंवा इतर पेंडी आणल्या की ही बेरीज बदलते. तेव्हा कोलीन क्लोराइडच घाला. पिल्लाला पहिल्या आठवड्यांत स्वतःचे कोलीन पुरेसे बनवता येत नाही, त्यामुळे प्री-स्टार्टर आणि स्टार्टरमध्ये मी तरी जोखीम घेणार नाही.

पायांबद्दल. ज्याला आपण टाच सुजून मागचा स्नायूबंध घसरणे म्हणतो, तो पेरोसिस कोलीनच्या कमतरतेने होतो हे खरे, पण मँगेनीज, बायोटिन, फॉलिक आम्ल यांच्या कमतरतेनेही होतो. पाय वाकडे दिसले की लगेच कोलीनवर खापर फोडू नका. खनिज मिश्रणातले मँगेनीज तपासा.

आणि गोळ्यांचा त्रास हर्बलशिवायही सुटतो. कोलीन क्लोराइड हवेतला ओलावा ओढते आणि सोबतच्या जीवनसत्त्वांची नासाडी करते. ते जीवनसत्त्वांच्या प्रीमिक्समध्ये कधीच मिसळू नये. वेगळ्या घट्ट बंद पिशवीत ठेवा, लागेल तेवढेच उघडा, दहा-वीस किलो मक्याच्या भरड्यात आधी कालवा आणि मिक्सर चालू असताना त्या भरड्यासह स्वतंत्र टाका. जीवनसत्त्वे आणि कोलीनची भेट थेट तयार दाण्यातच व्हावी.

प्रश्न : संपूर्ण हर्बल दाणा, एकही सिंथेटिक पूरक नाही, असा ब्रॉयलर वाढवता येईल का?
– कृषी पदविकेचा विद्यार्थी

उत्तर : आजच्या जातींना बंदिस्त शेडमध्ये, नाही. ब १२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. ते जिवाणू बनवतात. वनस्पती आणि बुरशीतून मुख्यतः ड २ मिळते आणि कोंबडी ते ड ३ च्या मानाने फारच कमी वापरू शकते. त्यावर विसंबले तर बंद शेडमधल्या पिल्लांना मुडदूस होतो, चोच रबरासारखी वाकते. सेलेनियमची गरज किलोला ०.१५ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे आणि गरज व विषबाधा यांतले अंतर कमी, त्यामुळे तिथे अंदाजपंचे चालत नाही. अ जीवनसत्त्वाचे मात्र वेगळे : पिवळ्या मक्यातल्या आणि हिरव्या पाल्यातल्या कॅरोटिनपासून पक्षी ते बनवतो, फक्त साठवणीत कॅरोटिन झपाट्याने घटते.

क जीवनसत्त्व कोंबडी मूत्रपिंडात स्वतःच तयार करते. उन्हाच्या काहिलीत ते अपुरे पडते तेव्हा बाहेरून द्यावे. आवळ्याचा अर्क किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल, तुमच्या हाताशी जे चांगल्या प्रतीचे असेल ते. पेलेट (दाण्याच्या दाबलेल्या गोळ्या) करतानाच्या उष्णतेत साधे क जीवनसत्त्व टिकत नाही, म्हणून उष्म्याच्या दिवसांत ते गार पाण्यातून द्या आणि ते पाणी काही तासांत संपेल एवढेच भरा.

प्रश्न : मग हर्बलचा उपयोग नेमका कुठे? आम्ही अँटिबायोटिक ग्रोथ प्रमोटर बंद केले आहेत.
– ब्रॉयलर उत्पादक गटाच्या वतीने

उत्तर : तुमच्या गटाचे मनापासून अभिनंदन. स्वीडनने वाढीसाठीची अँटिबायोटिके १९८६ सालीच थांबवली आणि युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून त्यांवर पूर्ण बंदी आली. त्यानंतर वनस्पतिजन्य घटकांवर गंभीर संशोधन वाढले, आणि माझ्या मते हर्बलची खरी जागा तिथेच आहे : आतड्यात. ओव्यातले थायमॉल, ओरेगॅनोतले कार्व्हाक्रॉल, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड हे प्रयोगशाळेत जिवाणूंना रोखतात हे पक्के आहे. दाण्यातून दिल्यावर परिणाम कमी-जास्त दिसतो आणि तो स्वच्छ, निवांत शेडपेक्षा ताणाच्या शेडमध्ये ठळक असतो. लसूण, हळद, काळी मिरी यांचाही अनुभव असाच. यकृतासाठी भुईआवळा, काळमेघ यांची मिश्रणे दिली जातात; त्यांना माझी हरकत नाही, पण मक्याला बुरशी असेल तर आधी तो मका बदला आणि विषशोषक घाला. टॉनिक वर ओतून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जात नाही.

अडचण असते ती पोत्यातल्या मालाची. एकाच वनस्पतीतले कार्यकारी द्रव्य जमीन, हंगाम, काढणीची वेळ आणि साठवण यांनी कित्येक पटींनी बदलते. ‘अमुक वनस्पती : १० टक्के’ एवढेच लिहिलेले पोते घेऊ नका. कार्यकारी द्रव्य कोणते, किती टक्के, ओलावा किती, अफ्लाटॉक्सिन आणि जड धातू तपासले का, बॅच क्रमांक काय, हे सगळे विश्लेषण-पत्रकावर मागा. पावडर कुबट वासाची किंवा मुठीत दाबल्यावर ढेकूळ होणारी असेल तर परत करा. आणि हर्बल मेथिओनिनच्या नमुन्यात प्रयोगशाळेला भरपूर मुक्त मेथिओनिन सापडले तर खूश होऊ नका. पाल्यात इतके मुक्त मेथिओनिन नसते. कोणीतरी डीएल-मेथिओनिनच मिसळून हिरव्या लेबलाखाली तुम्हाला विकले आहे.

डीएल-मेथिओनिनमध्येही भेसळ होते. घरच्या घरी प्राथमिक तपासणी अशी : अर्धा चमचा भुकटी पेलाभर कोमट पाण्यात ढवळा. थोड्या वेळात ती पूर्ण विरघळून पाणी नितळ झाले पाहिजे. तळाशी पांढरा गाळ राहिला तर खडूसारखे काही असण्याची शक्यता आहे. चिमूटभर भुकटी चमच्यात घेऊन ज्योतीवर धरली तर उग्र गंधकी वास येतो आणि राख जवळजवळ उरत नाही. शंका आली तर प्रयोगशाळेला पाठवा आणि ‘मेथिओनिन’ असे स्पष्ट लिहून तपासणी मागा. नुसत्या क्रूड प्रोटीनच्या आकड्यावर थांबू नका, कारण ती चाचणी फक्त नायट्रोजन मोजते आणि युरिया घातला तरी आकडा वाढतो. नमुना एका गोणीतून न घेता वेगवेगळ्या गोण्यांच्या मधल्या भागातून थोडा थोडा काढा, एकत्र कालवा, त्यातला दोनशे ग्रॅम हवाबंद पिशवीत भरा, बॅच क्रमांक आणि तारीख लिहा, आणि तेवढाच दुसरा नमुना सीलबंद करून स्वतःजवळ ठेवा.